दालिसायच्या दप्तरातली दगडी पाटी

मित्रांनो, तुमच्या शाळेत आता माझ्यासारख्या कुणी उरल्या नसतील, म्हणून आधी ओळख करून देते. मी पाटी. खरीखुरी दगडी, काळसर निळी, लाकडी चौकटीची, खालच्या कोपऱ्यात टवका उडालेली. वय विचारू नका. आणि गोडगोड काही ऐकायला मिळेल म्हणून बसला असाल तर आत्ताच उठा. माझ्या पोटात जे साठलंय ते कडू आहे आणि ते मी तसंच सांगणार आहे.

माझा जन्म फ्रान्समधल्या आँजे शहराजवळच्या खाणीत झाला. तिथले कारागीर छिन्नीचा एकच टोला असा मारायचे की दगडाचे पापुद्रे अलगद सुटायचे. माझ्या मोठ्या बहिणी घरांच्या छपरांवर गेल्या. लुआर नदीकाठच्या निम्म्या गावांच्या डोक्यावर अजूनही त्याच बसल्या आहेत. मला हातात घेऊन कारागीर म्हणाला, "ही छपराला अपुरी पडते. जाऊ दे शाळेत, निदान चार अक्षरं तरी शिकेल." मग मला घासलं, चौकटीत बसवलं आणि मी एका गावच्या शाळेत आले.

काय दिवस होते ते! रबुआं गुरुजी रोज सकाळी तोंडी गणित घालायचे. वर्ग चिडीचूप व्हायचा. टेबलावर पट्टी एकदा आपटली की लिहायचं, दुसऱ्यांदा आपटली की तीसच्या तीस पाट्या एकदम वर करायच्या. गुरुजींची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायची आणि माझ्यापाशी आली की त्यांची मान हलायची. मी पोस्टमनच्या मुलीची होते आणि तिचं उत्तर सहसा चुकत नसे. शनिवारी ती मला विहिरीवर नेऊन धुवायची आणि उन्हात वाळवायची. मला तेव्हा फार गर्व होता, खोटं कशाला सांगू.

आता तिथे वजाबाकी कशी करायचो ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. समजा, बासष्टातून अठ्ठावीस वजा करायचे आहेत. दोनातून आठ जात नाहीत. मग वरच्या दोनाला दहा द्यायचे, त्याचे झाले बारा. पण एकट्याला देऊन कसं चालेल? म्हणून खालच्या दशकाला एक, म्हणजे दहाच, द्यायचा, तिथल्या दोनाचे झाले तीन. बारातून आठ गेले, चार उरले. सहातून तीन गेले, तीन उरले. उत्तर चौतीस. वरच्यालाही दहा वाढले, खालच्यालाही दहा वाढले, त्यामुळे दोघांतला फरक होता तेवढाच राहिला. वरचा सहा जिथल्या तिथे, त्याला कुणी हात लावायचा नाही. शाळेतली सगळी वर्षं मी हेच पाहिलं. साऱ्या जगात वजाबाकी अशीच करतात अशी माझी समजूत झाली होती.

पुढे प्लास्टिकच्या पांढऱ्या पाट्या आल्या. गुळगुळीत, हलक्या, फेल्टपेनाने लिहायच्या. आम्हाला कुणी विचारेना. पोस्टमनच्या मुलीने मला माळ्यावर टाकलं, पेन्सिलींच्या पत्र्याच्या डबीसकट. वर्षांमागून वर्षं धूळ खात पडले. शेवटी तिच्या सुनेने माळा रिकामा केला आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी फुटपाथवरच्या जुन्या बाजारात मला मांडलं, एका बाजूला कपबश्या आणि दुसऱ्या बाजूला फुटका दिवा.

तिथे पेर्लिता आली. ही बाई मूळची फिलिपिन्सची, आँजेमध्ये एका म्हाताऱ्या बाईंचं घर सांभाळायची आणि त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या हातात शाळेने दिलेली सामानाची यादी होती: गोल टोकाची कात्री, हिरवं पेन, पट्टी, पाटी. तिला फ्रेंच जेमतेम यायचं. तिने यादीतल्या पाटीवर बोट ठेवून विचारलं. सूनबाई म्हणाली, "पाटी ना? अहो, हिच्याहून अस्सल पाटी तुम्हाला अख्ख्या आँजेत मिळणार नाही!" बिचाऱ्या पेर्लिताला काय ठाऊक की शाळेला प्लास्टिकची हवी आहे. तिने मला कापडात गुंडाळून घरी नेलं आणि आपल्या मुलीच्या दप्तरात घातलं.

मुलगी नऊ वर्षांची. नाव दालिसाय. आई पोटापाण्यासाठी फ्रान्सला गेली म्हणून सहा वर्षं ती इलोइलो शहरात आजीपाशी राहिली, ऑगस्टमध्ये इकडे आली. आजीला ती लोला म्हणायची आणि आईला नानाय. बिस्किटांच्या डब्यात तिने तीन पदकं जपून ठेवली होती, रिबिनीवाली. तिन्ही गणिताची होती.

पहिल्या दिवशी तिने मला दप्तरातून काढलं आणि वर्गात खसखस पिकली. शेजारच्या बाकावर गास्पार नावाचा मुलगा होता. तो ओरडला, "बाई, हिने घराचं छप्पर उपटून आणलंय! आता पाऊस आला की हिची आई भिजणार!" सगळे खो खो हसले. दालिसायला एक शब्द कळला नाही, म्हणून सगळे हसतात तर आपणही हसावं असं वाटून तीही हसली. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या दगडाची लाज वाटली.

वर्गाच्या बाई मादाम ग्रोलो. दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगते. हिवाळ्यात कुणाचे हातमोजे हरवले तर स्वतःच्या कपाटातून काढून द्यायच्या. पण टापटिपीच्या बाबतीत महाकडक. समास पट्टीने आखलेला हवा, चूक हिरव्या पेनानेच सुधारायची, आणि खाडाखोड दिसली की यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "खाडाखोड म्हणजे डोक्यातला पसारा," असं त्या म्हणायच्या. त्यांच्याकडेही रोज सकाळी पट्टीचे दोन ठोके असायचेच, रबुआं गुरुजींसारखे. सव्वीस पांढऱ्या पाट्या वर जायच्या आणि एक काळी.

दालिसायसारख्या नव्याने देशात आलेल्या मुलांसाठी एक फिरत्या शिक्षिका होत्या, मुरिएल. त्यांच्या गाडीत कायम पुस्तकं, पोती, घोंगड्या कोंबलेल्या असायच्या. चौदा शाळा त्यांच्या गळ्यात होत्या. आमच्याकडे त्या मंगळवारी आणि शुक्रवारी पाऊण तास यायच्या आणि झेरॉक्सच्या यंत्राशेजारच्या खोलीत दालिसायला घेऊन बसायच्या. आधी त्यांनी आकड्यांची नावं शिकवली. आता इथे त्र्याण्णवला काय म्हणतात माहीत आहे? चार विसा आणि तेरा. पंचाहत्तरला साठ आणि पंधरा. दालिसाय डोळे मोठे करून म्हणाली, "तेरा? तेरा कुठून आला?" मुरिएल हसून म्हणाल्या, "अगं, मलाही अजून कळलं नाही. चल, मोजू." राजम्याचे दाणे टेबलावर ओतून, विसाविसाचे ढीग करून दोघी मोजत बसायच्या. महिन्याभरात पोरीने सगळी नावं गिळली. हुशार होती हो, खरंच हुशार होती.

ऑक्टोबरात वजाबाकी आली आणि घात झाला.

बाईंनी फळ्यावर बासष्ट वजा अठ्ठावीस लिहिलं. पहिला ठोका पडला. दालिसायने माझ्यावर करकर पेन्सिल चालवली. तिने काय केलं असेल? वरचा सहा खोडला, त्याच्या डोक्यावर पाच लिहिला, दोनाचे बारा केले, आणि खाली चौतीस लिहून मोकळी झाली. तुम्हीसुद्धा वजाबाकी अशीच करता ना, दशकाकडून एक उसना घेऊन? पण मला ते ठाऊक नव्हतं. मी मनात म्हटलं, ही तर अगदीच अडाणी दिसते, वरचा आकडाच खोडून बसली! मित्रांनो, तिला हसणाऱ्यांत मीही होते. तेवढ्यात गास्पारने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आपल्या पाटीवरचे चव्वेचाळीस पुसले आणि चौतीस लिहिले. दुसरा ठोका पडला. पाट्या वर गेल्या.

ग्रोलोबाई चालत आल्या. "हे काय आहे, दालिसाय? सहा का खोडला?"

दालिसाय उत्तराकडे बोट दाखवून म्हणाली, "चौतीस, बाई."

"चौतीस दिसतंय मला. वरचा आकडा मी दिलाय. तो बदलायला तुला कुणी सांगितलं? आणि ह्या चिखलातून चौतीस आले कसे?"

तिला सांगता येईना. डोक्यात सगळं होतं, तोंडात शब्द नव्हते.

"बाई, ती माझं बघते!" गास्पार म्हणाला.

बाईंनी दोन्ही पाट्यांकडे पाहिलं. एकीवर स्वच्छ मांडणी, एकीवर खाडाखोड, आणि दोन्हींवर चौतीस. तुम्हीच सांगा, त्यांना काय वाटलं असेल? त्यांनी दालिसायचं बाक उचलून खिडकीपाशी एकटं ठेवलं. मी ओरडून सांगणार होते की चोर तो आहे, ही नाही. पण दगड कसला ओरडतो!

त्या आठवड्यात वहीतल्या प्रत्येक वजाबाकीवर 'जमत नाही' असा शेरा पडला, उत्तर बरोबर असूनसुद्धा. मग बाईंनी पेर्लिताला बोलावून घेतलं. "तुमची मुलगी गुणी आहे," त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "पण गणिताचा पाया नाही. शुक्रवारी संध्याकाळी आमची शिक्षकांची बैठक आहे. तिला दोन वर्ग खाली बसवावं असं मी सुचवणार आहे." पेर्लिताने हातातली पर्स घट्ट धरली आणि म्हणाली, "हो बाई. बरं बाई." तिला निम्मंच कळलं होतं, पण 'दोन वर्ग खाली' एवढं कळलं होतं. नऊ वर्षांची पोर सात वर्षांच्या मुलांत बसणार होती. घरी येऊन पेर्लिताने भात लावला आणि शेगडीकडे तोंड करून डोळे पुसले.

मंगळवारी मुरिएल आल्या. त्यांनी शेरा पाहिला, उत्तरं तपासली आणि भुवया उंचावल्या. "उत्तरं तर बरोबर आहेत! कसं केलंस गं हे?"

दालिसायने दाणे घेतले. सहा पुड्या दहादहाच्या, दोन सुटे. एक पुडी फोडली, दाणे सुट्यांत मिसळले, बारा झाले. पुड्या राहिल्या पाच. मग खोडलेल्या सहाकडे बोट दाखवून म्हणाली, "सहा गेला. पाच इथे."

मुरिएल उडाल्याच. "अरे देवा! ही पुडी फोडते! आपण दोघांना दहा-दहा देतो, आणि ही आपल्याच घरातली पुडी फोडते. किती सरळ आहे हे!"

मलाही तेव्हाच उमगलं. इतकी वर्षं मी वजाबाकी करत होते, पण वजाबाकी म्हणजे काय हे मला एका परक्या पोरीने राजम्याच्या दाण्यांवर शिकवलं.

मुरिएल मला काखोटीला मारून तडक ग्रोलोबाईंकडे गेल्या. मधली सुट्टी चालू होती.

"अहो, तिची रीत वेगळी आहे, चुकीची नाही. बघा तरी."

"असेल वेगळी," ग्रोलोबाई म्हणाल्या. "पण वर्गात सत्तावीस मुलं आहेत. प्रत्येकाची रीत वेगळी चालवली तर मी शिकवू काय? दोन वर्षांनी ती मोठ्या शाळेत जाईल. तिथे तिला कोण सांभाळून घेणार आहे? तुम्ही?"

"मी तिला आपली रीत शिकवते. पण खाली बसवू नका."

"शुक्रवारी सकाळी वर्गासमोर पाच वजाबाक्या घालते. आपल्या रीतीने केल्या तर इथेच राहील. मला काय तिला खाली ढकलायची हौस आहे?"

झालं, मुरिएल धावत परत आल्या. पाऊण तासातली वीस मिनिटं उरली होती. एरवी दाण्यांवरून सगळं समजावणाऱ्या ह्या बाईंनी त्या दिवशी दाणे बाजूला सारले. माझ्यावर स्वतःच गणित मांडलं आणि भराभर म्हणाल्या, "हे बघ. वरच्याला दहा. खालच्याला एक. कळलं? वरच्याला दहा, खालच्याला एक. खोडायचं नाही!"

दालिसायने वरच्या सहावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि विचारलं, "आणि हा? पाच?"

"खोडायचं नाही, राणी. अजिबात खोडायचं नाही!" मुरिएल घड्याळाकडे बघत म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली. पोरीने स्वतःच्या हाताने एकही गणित करून पाहिलं नाही. मुरिएलना दुसऱ्या शाळेत पोचायचं होतं. मला त्यांचा राग येतो, आणि मग त्यांच्या चौदा शाळा आठवतात, पण राग काही जात नाही.

तीन दिवस दालिसाय पुटपुटत फिरायची. वरच्याला दहा, खालच्याला एक, खोडायचं नाही. जेवतानाही तेच आणि दात घासतानाही तेच.

शुक्रवार उजाडला. मुरिएल दाराशी उभ्या होत्या. बाईंनी फळ्यावर लिहिलं, त्र्याऐंशी वजा सत्तेचाळीस. पहिला ठोका पडला. दालिसायने वरच्या तिनाशेजारी छोटासा एक मांडला, तेरा झाले. खालच्या चाराशेजारी छोटासा एक मांडला, पाच झाले. अगदी देखणी मांडणी. तेरातून सात गेले, सहा. मी सुटकेचा निःश्वास सोडणार तोच ती आठाजवळ थांबली. खोडायचं नव्हतं, म्हणून तिने तो खोडला नाही. पण तिच्या मनात तो केव्हाच सात झाला होता. पुडी फोडली तर पुडी कमी होणारच ना! सातातून पाच गेले, दोन. उत्तर सव्वीस.

एकाच गोष्टीची किंमत पोरीने दोनदा मोजली होती. वरूनही एक काढला आणि खालीही एक वाढवला. तिची रीत एकटी बरोबर होती, त्यांची रीत एकटी बरोबर होती. दोन्ही एकत्र झाल्या आणि उत्तर दहाने घसरलं.

दुसरा ठोका पडला. तिने मला दोन्ही हातांनी उंच धरलं. चेहऱ्यावर हसू होतं, कारण माझ्यावर एकही खोड नव्हती.

ग्रोलोबाई जवळ आल्या. पाहिलं. "मांडणी किती छान!" त्या मनापासून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पण उत्तर चूक आहे, बाळ."

पाचही गणितांत तेच झालं. मांडणी सुंदर, आणि उत्तर दरवेळी दहाने कमी. मुरिएलना दुसऱ्याच गणिताला कळलं. पाचवं होताच त्या पुढे आल्या. "अहो, बघा ना, सगळीकडे बरोबर दहानेच चुकलंय! ती दोन्ही रीती एकदम करतेय. चूक माझी आहे, मी नीट सांगितलं नाही. एक तास द्या मला."

"दहाने चुको नाहीतर एकाने, चूक ती चूक," ग्रोलोबाई म्हणाल्या. "पद्धत आली आहे तिला, मी मान्य करते. पण पाया कच्चा आहे, हेच तर मी म्हणत होते. खाली बसेल तर पक्का होईल."

संध्याकाळी बैठक झाली. मुरिएल एकट्या विरोधात बोलल्या. दालिसायला दोन वर्ग खाली पाठवलं. ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीनंतर मुरिएलच्या शाळांची वाटणी बदलली आणि आमची शाळा दुसऱ्याच कुणाकडे गेली, ती व्यक्ती अजून आलेली नाही. खालच्या वर्गात अजून नवातून चार वजा करतात. वजाबाकीचे हातचे तिथे मार्चमध्ये शिकवणार आहेत. तोवर तिची गाठ सोडवणार कोण? दालिसाय आता नवातून चार वजा करताना बोटं मोजते, मोजून झाली की पुन्हा मोजते.

मागच्या रविवारची गोष्ट सांगते. दुपारी फोनवर लोलाने विचारलं, यंदा कितवं पदक? पेर्लिता म्हणाली, "आई, इथे पदकं देत नाहीत." फोन ठेवून तिने मला जेवणाच्या टेबलावर घेतलं. सुकी मासळी तळून झाली होती, खालच्या म्हाताऱ्या बाई वासाने खोकू नयेत म्हणून खिडकी उघडी होती.

"दाखव पोरी, कुठे अडतं तुझं?"

दालिसायने त्र्याऐंशी वजा सत्तेचाळीस मांडलं. पेर्लिताने पेन्सिल घेतली, आठ खोडून सात केला आणि खाली छत्तीस लिहिलं. "हे बघ. लोलाने मला असंच शिकवलं, तुलाही असंच शिकवलं."

"ते चूक आहे, नानाय."

"चूक कसं? त्र्याऐंशी संत्री घे आणि मोजून बघ!"

"उत्तर बरोबर आहे. रीत चूक आहे. इथे अशी चालत नाही." तिने ओलं फडकं फिरवलं, छत्तीस पुसले आणि आपल्या सुबक मांडणीत सव्वीस लिहिले. "ही रीत बरोबर आहे. बाई म्हणाल्या, किती छान."

"आणि उत्तर?"

"उत्तर चूक आहे."

"मग गं?"

"मग मी ढ आहे," दालिसाय म्हणाली. आज रविवार आहे म्हणावं, इतक्या सहज म्हणाली.

पेर्लिताने फडकं ओढून घेतलं, सव्वीस पुसले, पुन्हा आठ खोडला, पुन्हा छत्तीस लिहिले, ह्या वेळी दाबून लिहिले. दालिसायने पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पेर्लिताने पेन्सिल माझ्यावर टेकवली, पण लिहिलं काही नाही. मग तिने पेन्सिल डबीत टाकली आणि म्हणाली, "बरं पोरी. तुझ्या बाईंना जास्त कळत असेल."

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मी दगड आहे, माझ्यावर लिहा, पुसा, टवका उडवा, मला काही लागत नाही. पण तुमच्या वर्गात उद्या कुणी परगावाहून येईल, परदेशातून येईल. त्याच्या पाटीवर काहीतरी वेगळंच दिसेल. तेव्हा हसू नका, आणि घाईने आपलं शिकवायलाही धावू नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, हे कसं केलंस रे? आणि त्याला शब्द सापडेपर्यंत बसून राहा. एवढं एक कुणी वेळेत केलं असतं, तर घरात बरोबर उत्तर लिहिणाऱ्या आईने पेन्सिल डबीत टाकली नसती.